सदऱ्याची पाठ

"तोंडच नाही त्यांना, तर खातील कशानं मॅडम? कानानं?"

"मावशी, उद्यापर्यंत थांबलो तर उपाशी राहतील, एवढंच म्हणतेय मी."

"उपाशी कसले? पोटाला गाठोडं बांधून जन्माला आलेत. आईची शिदोरी आहे ती. ती संपत आल्याशिवाय तोंड फुटत नाही. तुम्हीच तर मला कागदावरून वाचून दाखवलं होतं."

"वाचलं होतं. पण बघा ना, किती हालायला लागलेत."

"हालतंय ते सगळं खातं असं असतं, तर आमच्या घरचा पंखा केव्हाच जेवून बसला असता."

मॅडम हसल्या आणि टाकीच्या कठड्यावरून मागं सरकल्या. त्यांना या मत्स्यबीज केंद्रावर येऊन चार महिने झाले होते. पोरगी हुशार. पुस्तकातलं सगळं पाठ, आणि पुस्तकात नसतं तेही असतं, हे तिला ठाऊक. म्हणून तर मावशी तिला उत्तरं देत होती. आधीच्या साहेबांना ती नुसती मान हलवायची आणि त्यांची पाठ वळली की आपल्याला हवं तेच करायची.

पत्र्याच्या शेडखाली चार गोल टाक्या होत्या. सिमेंटच्या, कमरेएवढ्या उंच. तळातून पाणी आत यायचं आणि वरच्या कडेला जाळी बांधलेल्या तोंडातून बाहेर जायचं. प्रत्येक टाकीत माशांची लाखभर पिल्लं. पिल्लं म्हणायला जीव होत नाही इतकी बारकी. अंडं फुटून बाहेर आलं की त्याला या धंद्यात जिरं म्हणतात, कारण दिसायला ते तेवढंच असतं. जिरं नखाएवढं झालं की बीज, आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. मावशीच्या नवऱ्यानं एकदा वाण्याला सांगितलं, आमच्या हिच्या हाताखाली चार लाख जिरे आहेत. वाणी बिचारा हात पुसत उठला आणि भाव विचारायला लागला.

केंद्रावर मावशीला सगळे गाळणीबाई म्हणायचे. तोंडावर मावशी, पाठीमागं गाळणीबाई. तिला ते माहीत होतं, आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी ती इथं बांधावरचं गवत कापायला आली. टाक्या बघणारा माणूस एका दुपारी जेवायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. तेव्हाच्या साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. विळा घेऊन उभी असलेली ही दिसली. म्हणाले, "तू बघ जरा." ते 'जरा' अजून संपलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षी तिनं दोन टाक्या मारल्या. दया येऊन मारल्या. कालची पोरं, तळाला पडून नुसती शेपूट थरथरवतायत, आणि कुणी काही खायला घालत नाही, हे तिला बघवेना. तिनं आपलं पीठ कालवून ओतलं. पिठाला कुणी तोंड लावलं नाही, कारण लावायला तोंडच नव्हतं. पाणी आंबलं आणि दोन दिवसांत दोन टाक्या पांढऱ्या पडल्या. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "आता कळलं ना?" कळलं. पहिला दिवस तळाला पडून राहायचा. दुसऱ्या दिवशी डोळ्याचे दोन काळे ठिपके उमटायचे. तिसऱ्या दिवशी गाठोडं आटतं, अंग सरळ होतं, पिल्लू आडवं पोहायला लागतं, आणि मग तोंड. तोंड फुटलं की मात्र दिवसभराचीही सवड नसते. त्या वेळात घास मिळाला नाही, तर पुढं ताट वाढून ठेवलं तरी ते खाऊ शकत नाही. पोहत राहतं, जिवंत दिसतं, पण ते गेलेलंच असतं.

तो घास म्हणजे उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक. हातानं कुस्करायचा, फडक्यात घ्यायचा आणि बादलीतल्या पाण्यात पिळायचा. पाणी पिवळं दुधट होतं. फडक्यातून जे सुटतं ते सुईच्या टोकापेक्षा बारीक हवं. सगळी मेख त्या फडक्यात. वरच्या ऑफिसातून स्टीलची चाळणी आली, नायलॉनची जाळी आली. मावशीनं दोन्ही वापरून बघितल्या आणि खिळ्याला टांगल्या. "जाळीतून पडतो तो रवा," ती म्हणायची. "मला धूर पाहिजे."

धूर निघायचा तो तिच्या नवऱ्याच्या सदऱ्यातून. सुती सदरा, आणि त्यातही फक्त पाठ. हा गृहस्थ तीस वर्षं गाड्यांच्या खाली पडून नटबोल्ट पिळत आला. पाठीला घाम, पाठीला जमीन, पाठीला धुणं. सदऱ्याची कॉलर शाबूत असायची आणि पाठ कांद्याच्या सालीसारखी व्हायची. धागा मऊ झालेला, पण तुटलेला नाही. दोन-तीन वर्षांनी मावशी एक सदरा मागायची. नवरा म्हणायचा, "माझ्या घामावर साहेबांचे मासे वाढतायत, आणि मला एक माशाचं शेपूट कुणी देत नाही." आता त्याची कंबर गेली होती. तो घरीच असायचा. पण सदरे तेच घालायचा, आणि ते झिजायचे.

फडक्याचा नियम एकच. टाकीच्या पाण्यात खळबळायचं, उकळत्या पाण्यातून काढायचं, उन्हात दगडावर वाळवायचं. साबण नाही. साबण म्हणजे इथं विष. टाकीतून पिल्लं जिथं सोडतात त्या संगोपनाच्या तळ्यात पाठीवर पोहणारे किडे होतात, एकेक किडा दिवसाला किती पिल्लं मारतो याचा हिशेब नाही. ते किडे मारायलाच तर पाण्यावर तेल आणि साबण मारतात. किडे गुदमरतात. मग दीड दिवस तळ्याला हात लावायचा नाही. तोपर्यंत तवंग फाटतो, मग पिल्लं सोडायची.

यंदा घोळ तिथंच झाला होता. तळं तयार होतं, पाण्यात पिल्लांचं खाद्य म्हणजे डोळ्याला न दिसणारे जीव भरपूर झाले होते, आणि आयत्या वेळी किडे दिसले. साबण-तेल मारणं भाग होतं. म्हणजे उद्या तोंडं फुटणार, आणि तळं परवा सकाळी मिळणार. मधला एक दिवस फडक्यावर काढायचा. नवं काही नव्हतं, मावशीनं असे बरेच दिवस काढले होते.

पण हा शेवटचा घाणा होता. म्हणजे या हंगामातली अंड्यांची शेवटची खेप. आयाबाया सगळ्या रिकाम्या झाल्या होत्या. पुन्हा अंडी मिळायची ती वर्षानं. आणि या चारही टाक्या खालच्या तलावाच्या नावानं होत्या. खालचा तलाव म्हणजे मावशीचं माहेर. तिथं तिचा धाकटा भाऊ आणि आणखी तीस-चाळीस घरं जाळी टाकून जगतात. गेल्या वर्षी त्यांच्या वाट्याची खेप वाटेत मेली. वर्षभर तलावात जाळं टाकलं की शेवाळ यायचं. तेव्हापासून भाऊ फोनवर नीट बोलत नव्हता. बोललाच तर चिमटा. "आमची ताई जगाला मासे देते आणि माहेराला पाणी."

"या वर्षी देते म्हटलंय ना," ती म्हणाली होती. भावाला सांगितलं होतं, आणि त्याच्या आधी स्वतःला.

त्या संध्याकाळी टाक्या झाकून निघताना तिनं फडकं उजेडात धरलं. कडेचे धागे सुटायला लागले होते. सुटा धागा टाकीत गेला की पिल्लांच्या कल्ल्यात अडकतो, म्हणून तिनं फडकं पिशवीत टाकलं. घरी शिलाईचं मशीन होतं. सुनेचं. माहेरून आणलेलं.

सुनेला येऊन आठ महिने झाले होते. मुलगा मालगाडीवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांनी घरी, तेही झोपायला. म्हणजे घरात उरल्या दोन बायका आणि एक कंबर धरलेला माणूस. पोरगी कामाची होती, बोलायची कमी. तिच्या माहेरी सगळं घासूनपुसून लख्ख. इथं दारात मासळीच्या पाण्याचे बूट. सासू आली की ती उठून खिडकी उघडायची. काही म्हणायची नाही, नुसती उघडायची. सासूला ती खिडकी रोज ऐकू यायची.

"एवढं शिवून देशील?" मावशीनं फडकं मशीनवर ठेवलं.

"हे काय आहे, आई?"

"फडकं आहे कामाचं. कडा सुटल्यात. दुहेरी दुमड आणि टीप मार."

"बरं."

एवढंच बोलणं. मावशीला पुढचं वाक्य बोलायचं होतं, की धुऊ नको. पण ती बूट काढायला म्हणून खाली बसली आणि तिला वर उठवेना. सव्वीस वर्षं पाण्यात उभे राहिलेले गुडघे. बोटं पांढरी, फुगलेली, भेगाळलेली. नवरा म्हणाला, "जेवतेस का?" ती म्हणाली, "जेवले." जेवली नव्हती. भिंतीला टेकून तशीच झोपली.

सकाळी डब्याखाली फडकं घडी करून ठेवलेलं होतं. टीप अशी सरळ की दोरी लावून मारली असावी. आणि रंग! बगळा परवडला. इतक्या दिवसांत त्या कापडाचा मूळ रंग कोणता हे मावशीही विसरली होती, ते पांढरंशुभ्र होऊन बसलं होतं. तिनं नाकाजवळ नेलं. साबणाच्या पावडरीचा वास. फुलांचा म्हणतात तो.

सून नळावर पाण्याला गेली होती. नवरा दुसरा जुना सदरा अंगात घालून घोरत होता. घड्याळात सहा वाजले होते. मावशी दारात उभी राहिली. हे फडकं आज चालणार नाही, हे तिला कळलं होतं. तिला कळलं होतं. पण नवऱ्याला उठवायचं, त्याची कंबर सांभाळून त्याला उभं करायचं, सदरा काढायचा, तो विचारणार का, त्याला सांगायचं, सून येणार, तिलाही सांगायचं. हे सगळं तिच्यापुढं डोंगरासारखं उभं राहिलं. तिनं फडकं पिशवीत कोंबलं. तिथं खळबळीन, म्हणाली.

तिथं तिनं ते तीनदा खळबळलं. तिसरं पाणी स्वच्छ दिसलं. उकळत्या पाण्यातून काढायला हवं होतं, पण चुलीवर अंड्यांचं पातेलं होतं आणि दुसरं पातेलं शोधायला ती वाकली नाही. कारण पहिल्या टाकीत तोंडं फुटली होती. काळ्या बशीत पाच-सहा पिल्लं घेतली तर ती बशीभर आडवी पळत होती, गाठोडं जवळजवळ संपलेलं. चारही टाक्या एका दिवसाच्या, म्हणजे तासा-दोन तासांत सगळीकडं हेच होणार.

तिनं बलक कुस्करला. फडक्यात घेतला. बादलीत पिळला. घास वाहून जाऊ नये म्हणून पहिल्या टाकीचं पाणी बंद केलं आणि बादली गोल फिरवत हळूहळू ओतली.

बादलीच्या कडेला बारीक फेस होता. तिनं तो बघितला. वाटलं, आज जोरात पिळलं असेल.

पिल्लं वर आली. आधी तिला बरं वाटलं, भुकेनं आली म्हणून. मग ती गोल फिरायला लागली. एकेक पिल्लू स्वतःभोवती भोवरा झाल्यासारखं. मग खाली. धूळ बसावी तशी.

मावशीनं बोट टाकीत बुडवलं आणि जिभेला लावलं.

"मॅडम!"

पाण्याचा नळ तिनं तोवर पूर्ण सोडला होता. मॅडम ऑफिसातून अनवाणी धावत आल्या. "काय झालं मावशी?"

"बादल्या आणा. वरून पाणी ओतत राहा. जाळी तुंबू देऊ नका, हात फिरवा जाळीवर. हळू, हळू, पिल्लं चिकटतील!"

काय झालं हे मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. ही त्यांची चांगली गोष्ट. दोघी अर्धा तास टाकीला पाणी पाजत राहिल्या, गुडघे भिजले, कोपरं भिजली. पाणी निवळलं तेव्हा तळाला पांढरी पूड पडली होती, आणि तिच्यावर, मधूनमधून, काही पोहत होतं. लाखातला तिसरा हिस्सा म्हटलं तरी जास्त.

मावशी कठड्याला धरून उभी राहिली. रडायचं तिच्या मनात नव्हतं. तिला बसायचं होतं फक्त. पण बाकी तीन टाक्या तोंड उघडून उभ्या होत्या.

"बाकीच्यांना जाळीतून देऊ?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी खिळ्यावरची नायलॉनची जाळी काढली, घासून घेतली, नवा बलक गाळला. काळ्या बशीत पिल्लांपुढं थेंबभर टाकला. दोघी वाकून बघत बसल्या. पिवळा कण आला की पिल्लू त्याला ढुशी मारायचं आणि वळायचं. पुन्हा ढुशी, पुन्हा वळायचं. अंग काचेसारखं असतं त्यांचं, पोटात काही गेलं तर बाहेरून दिसतं. दहा मिनिटं झाली, सगळी पोटं रिकामी.

"घास मोठा आहे," मॅडम म्हणाल्या.

"रवा आहे," मावशी म्हणाली, आणि ओल्या हातानं फोन उचलला.

फोन सुनेनं घेतला. "आई? काय झालं?"

"तुझे सासरे काय घालून बसलेत?"

"अं?"

"अंगात काय आहे त्यांच्या?"

"तो... चौकटीचा सदरा. जुना."

"काढून घे."

"आई!"

"काढून घे म्हणते ना. धुऊ नको. पाण्यात बुडवू नको. इस्त्री तर मुळीच करू नको. जसा आहे तसा घे आणि सायकलवरून इकडं ये. आत्ता."

मागून नवऱ्याचा आवाज आला. "काय म्हणतेय? या वयात मला उघडा करून काय करायचंय तिला?"

"बाबा, हात वर करा," सून म्हणाली, आणि फोन बंद झाला.

सायकलला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत मावशीनं मनातल्या मनात सुनेला काय काय ऐकवलं, ते सांगण्यासारखं नाही. खिडकीपासून सुरुवात केली. तुझ्या माहेरच्या लख्ख भांड्यांवर आली. विचारता येत नव्हतं का, जीभ काय मशीनला गुंडाळली होती का, इथंवर गेली. मग भावाचा आवाज ऐकू आला, माहेराला पाणी. मग पुन्हा सून. आणि मग मध्येच तो फुलांचा वास. दारात उभं राहून घेतलेला. तो वास आला की मनातलं बोलणं अडखळायचं, आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं.

सून आली ती घामानं थबथबलेली. सदरा छातीशी धरलेला. आजवर ती केंद्राच्या फाटकापर्यंतही आली नव्हती. शेडमध्ये शिरताच तिनं ओढणी नाकाला लावली आणि लगेच काढली.

मावशीनं सदरा घेतला, ब्लेडनं पाठ उभी फाडली आणि पातेल्यात टाकली. "घाम आहे," मॅडम म्हणाल्या.

"घाम उकळला की जातो. त्याचं काही नाही." पातेलं चुलीवर ठेवून मावशी बलक कुस्करायला लागली.

सून पहिल्या टाकीपाशी गेली होती. "हे पांढरं काय आहे खाली?"

सुनेनं मान वर केली. समोर तारेवर तिनंच शिवलेलं फडकं लटकत होतं, पांढरंशुभ्र, सरळ टिपेचं. ती त्याच्याकडं बघत राहिली, मग टाकीकडं, मग पुन्हा त्याच्याकडं.

"मावशी," मॅडम हळूच म्हणाल्या, "मला वर कळवावं लागेल. कारण काय सांगू?"

"साबण."

"तो कुठून आला?"

इथं मावशीकडं दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी. एक उत्तर टाकीपाशी उभं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा आपणहून काहीतरी केलेलं. ते एकदा या शेडमध्ये, मॅडमसमोर बोलून दाखवलं असतं, तर ती पोरगी पुन्हा सासूच्या कुठल्याही वस्तूला विचारल्याशिवाय शिवली नसती. घर शांत राहिलं असतं. वीस मिनिटं घोकलेलं सगळं तोंडाशी आलं होतं.

"फडक्याला होता," मावशी म्हणाली. "मला वास आला होता सकाळी. घरीच आला होता. तरी वापरलं."

"का?"

"कंटाळा आला, मॅडम."

सव्वीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मॅडमनी खाली बघितलं.

"मी धुतलं होतं ते," सून म्हणाली. "फार वास मारत होतं म्हणून. रात्री पावडरीत भिजत घातलं होतं. दोनदा."

"दोनदा?" मावशीनं वळून बघितलं.

"पहिल्यांदा डाग निघाले नाहीत."

मावशीला हसू आलं की काय, कळलं नाही. नाकातून आवाज झाला एवढं खरं. "छान धुतलंस. धुतलं तू, वापरलं मी. आता दोघी गळ्यात गळा घालून बसलो तर यांच्या पोटात काय जाणार आहे? ये इकडं. हात दाखव. हाताला काय लावलंयस? क्रीम? मग तिकडं नळावर जा, राखेनं घास. कोपरापर्यंत. मग ये."

सून गेली, घासून आली. कापड निवून हाती आलं होतं. मावशीनं त्याची घडी केली, बलक आत ठेवला आणि बोटं कशी धरायची ते दाखवलं. "पिळू नको. गायीचं दूध काढतात तसं. वरून खाली. जोर नको, घाई नको."

"मला उलटी येईल."

"बाहेर जाऊन कर. टाकीत करू नको."

सुनेनं उलटी केली नाही. तोंड वाकडं करून ती दाबत राहिली, आणि बादलीत धूर सुटायला लागला. पिवळा, बारीक, पाण्यात विरून जाणारा. मावशीनं आधी स्वतः जिभेवर घेऊन बघितला. मग काळ्या बशीत थेंब सोडला.

तिघी वाकल्या. तीन डोक्यांची सावली बशीवर पडली, तर मावशीनं दोन डोकी हातानं मागं सारली. पिल्लं फिरत होती. एकानं मान झटकली. मग दुसऱ्यानं. दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग त्या काचेच्या अंगात, कल्ल्यांच्या मागं, पिवळी रेघ उमटली. सुईच्या दोऱ्यापेक्षा बारीक.

"पोट आहे ते?" सुनेनं विचारलं.

"पोटच. भरलं."

तीनही टाक्यांना दिलं. मग पहिल्या टाकीतली उरलेली पिल्लं मॅडमनी एका टबात उतरवली. त्यांनाही दिलं, थोडं, बेतानं. त्यातली काही खात होती, काही नुसतीच हालत होती. त्यांचं काय ते उद्या कळणार होतं. पहिली टाकी मावशीनं एकटीनं उपसली. मॅडम हात लावायला आल्या, तर ती म्हणाली, "राहू द्या." पांढरी पूड बादलीत घेऊन ती पेरूच्या झाडाखाली गेली आणि खड्ड्यात ओतून माती ओढली.

परत येईतो फोन वाजत होता. भाऊ.

"ताई, उद्या गाडी काढू का बघायला? तळ्यात सोडताना आम्हीपण येतो. यंदा डोळ्यानं बघायचंय."

"ये. पण चार टाक्या नाहीत."

"मग?"

"तीन. आणि वर चिमूटभर."

"कुणाला दिली एक?"

"कुणाला दिली नाही. मारली. माझ्या हातानं."

मावशीला टोमण्याची वाट बघायची सवय होती, ती थांबली. फोनमधून तलावावरचा वारा तेवढा ऐकू येत होता.

"दमलीस का गं?" भाऊ म्हणाला.

याची तिची तयारी नव्हती. "तीन टाक्या पोटभर जेवल्यात," ती चिडून म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत दर दोन तासांनी जेवतील. मग तळ्यात सोडीन. पुढं जगवायचं ते मॅडमचं आणि तळ्याचं. पण माझ्या दारातून भरल्या पोटानं जातील, एवढं सांगते. आणखी काय पाहिजे तुला?"

"काही नाही. चिमूटभर आहे, तेपण दे. टाकू नको."

"टाकतेय कशाला!" तिनं फोन ठेवला आणि हात पदराला न पुसता हवेत झटकले.

मॅडम ऑफिसात कळवायला गेल्या होत्या. सून सायकलपाशी उभी होती, जावं की थांबावं असं तोंड करून. तिच्या हाताला बलकाचा वास येत होता, ती बोटं अंगापासून लांब धरून उभी होती.

"आई, मला हे रोज जमणार नाही हं," ती म्हणाली.

"कुणी बोलावलंय रोज?"

"नाही, आपलं सांगून ठेवते."

"बरं केलंस. आता घरी जा. ते उघडे बसलेत, सर्दी होईल त्यांना."

सून सायकलवर बसली. फाटकापर्यंत गेली, पाय टेकवून थांबली आणि ओरडून विचारलं, "रात्रीचा डबा इथंच आणू का?"

"आण. आणि झाकण घट्ट लाव."

घड्याळात साडेदहा होत होते. पुढचा घास अकराला. मावशीनं गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला खाली सोडलं, पातेलं पुढं ओढलं आणि एक गरम अंडं उचलून कठड्यावर टकटक आपटलं. कवच सोललं, पांढरा भाग बाजूला काढला, बलक हातावर घेतला आणि अंगठ्यानं कुस्करायला लागली.